विल्यम बोमाँट

विल्यम बोमाँट (२१ नोव्हेंबर, इ.स. १७८५ – २५ एप्रिल, इ.स. १८५३) हे अमेरिकी सैन्यातील शल्यचिकित्सक होते. जिवंत माणसाच्या जठरात अन्नाचे पचन कसे होते, याचे दीर्घकाळ प्रत्यक्ष निरीक्षण त्यांनी केले. त्यामुळे त्यांना जठराच्या शरीरक्रियाविज्ञानाचे जनक मानले जाते.

पूर्वायुष्य

बोमाँट यांचा जन्म कनेटिकटमधील लेबनन येथे शेतकरी कुटुंबात झाला. ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकले नव्हते. व्हर्माँटमधील एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी १८१२ मध्ये वैद्यकीचा परवाना मिळवला आणि त्याच वर्षी ते सैन्यात दाखल झाले. १८२० मध्ये त्यांची नेमणूक मिशिगन प्रदेशातील मॅकिनॅक बेटावरील किल्ल्यात झाली.

अपघात

६ जून १८२२ रोजी बेटावरील फर व्यापाऱ्यांच्या दुकानात चुकून सुटलेल्या बंदुकीच्या बाराने अलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण फ्रेंच-कॅनेडियन कामगार गंभीर जखमी झाला. बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला. परंतु जठरात उघडणारे छिद्र त्याच्या डाव्या बरगड्यांखाली कायम राहिले. बोमाँट यांच्या लेखनानुसार, शस्त्रक्रियेने ते बंद करण्यास त्याने नकार दिला. निराधार झालेल्या सेंट मार्टिनला बोमाँट यांनी स्वतःच्या घरी आश्रय दिला.

प्रयोग

पचन म्हणजे अन्नाचे दळणे, कुजणे की रासायनिक क्रिया, याविषयी त्या काळी मतभेद होते. १८२५ पासून बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे छिद्रातून जठरात सोडून ठरावीक वेळाने ते तपासले. बाहेर काढलेला जठररस शरीराइतका उबदार ठेवल्यास बाटलीतही मांस विरघळते, असे त्यांना दिसले. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे रासायनिक तपासणीत आढळले. राग, ताप आणि अतिमद्यपान यांमुळे जठराचे अस्तर व त्याचा स्राव बदलतो, अशी नोंदही त्यांनी केली. विशेष म्हणजे अस्तराला दाह झालेला असतानाही रुग्णाला कधीकधी त्रास जाणवत नसे.

१८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आपले प्रयोग व ५१ निष्कर्ष मांडले. पचन ही मुख्यतः रासायनिक क्रिया आहे, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. जठररसातील पेप्सिन हा घटक मात्र १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी शोधला.

सेंट मार्टिनशी संबंध

सेंट मार्टिन एकाच वेळी बोमाँट यांचा रुग्ण, घरगडी आणि प्रयोगाचा विषय होता. १८३२ च्या करारानुसार अन्न-निवाऱ्याखेरीज वर्षाला १५० डॉलर घेऊन प्रयोगांसाठी उपलब्ध राहण्याचे त्याने मान्य केले. लिहिता-वाचता येत नसल्याने त्याने त्यावर केवळ खूण केली. प्रयोगांत त्याला वेदना, मळमळ व डोकेदुखी होत असे. १८३४ मध्ये तो कॅनडाला गेला आणि बोमाँट यांनी वारंवार बोलावूनही परतला नाही. संशोधनातील संमती व सक्ती यांच्या चर्चेत या प्रकरणाचा आजही उल्लेख होतो.

मृत्यू

सैन्य सोडल्यावर बोमाँट यांनी सेंट लुईस येथे वैद्यकी केली. बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडल्यानंतर काही आठवड्यांनी तेथेच त्यांचे निधन झाले. सेंट मार्टिन त्यांच्यानंतर २७ वर्षे जगला. १८८० मध्ये तो वारल्यावर डॉक्टरांना जठर काढून घेता येऊ नये, म्हणून कुटुंबीयांनी मृतदेह कुजेपर्यंत ठेवला आणि नंतर खोल खड्ड्यात पुरला.