प्रकाशाचे उपासक : सर चंद्रशेखर वेंकट रामन

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव घेताच कलकत्ता व बंगलोर ही नगरे आठवतात. नागपूरशीही त्यांचा अल्पकाळ संबंध आला होता, याचे स्मरण फारसे होत नाही. १९१० साली ते नागपुरास आले, ते सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी म्हणून. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि सौंसर-पांढुर्ण्याचा परिसर त्याच प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील अध्यापक, त्यामुळे ग्रंथांचा सहवास बालपणापासून लाभला. अर्नोल्डचे बुद्धचरित्रपर काव्य, युक्लिडची भूमिती आणि हेल्महोल्ट्झचा नादविषयक ग्रंथ यांचे ऋण त्यांनी पुढे आवर्जून मान्य केले. संशोधनावर उपजीविका चालण्याची सोय त्या काळी देशात जवळजवळ नव्हती. म्हणून अर्थखात्याच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून १९०७ मध्ये ते कलकत्त्यास रुजू झाले. तेथे महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत ते कचेरीपूर्वी व कचेरीनंतर प्रयोग करीत. रंगून व नागपूर येथील बदल्यांनीही हा व्यासंग खंडित झाला नाही. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले आणि १९१७ मध्ये मानाची सरकारी नोकरी सोडून, कमी वेतन पत्करून, विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईने त्यांचे लक्ष वेधले. ती निळाई केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून दिसते, हे त्यांनी दाखविले. पुढील सात वर्षे हाच ध्यास होता. के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये काही खुणा आढळल्या होत्या, के. एस. कृष्णन यांच्या अथक निरीक्षणांनी त्यांचा उलगडा झाला. सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि सुमारे साठ द्रव एवढ्या सामग्रीवर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध सिद्ध झाला. प्रकाश रेणूला आपली थोडी ऊर्जा देतो, तेव्हा त्याची तरंगलांबी वाढते. तोच रामन परिणाम. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. या यशात कृष्णन यांचा वाटा मोठा होता, हे विसरता येत नाही.

१९३३ पासून रामन बंगलोरला स्थिरावले. १९५४ मध्ये ते भारतरत्न झाले आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत दूरसंदेशवहनास योग्य असा काचतंतू प्रथम तयार झाला. मूळचा हा परिणाम अतिशय क्षीण. परंतु लेसरचा प्रखर प्रकाश मैलोगणती लांब तंतूतून जाताना तो साठत जातो. त्यामुळे तंतू-लेसरमध्ये एका तरंगलांबीचा प्रकाश पायरीपायरीने अधिक लांब तरंगलांबीत बदलता येतो. सुमारे १४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तंतूत सोडला, तर १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे थकलेले संदेश वाटेतच पुन्हा सबळ होतात. दूर पल्ल्याच्या कित्येक मार्गांवर ही योजना वापरली जाते.

समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नातून रामन यांना कोणताही व्यावहारिक लाभ साधायचा नव्हता. तरीही त्या जिज्ञासेचे फळ आज दूरदेशी गेलेल्या मुलांचे शब्द घरी पोचविण्याच्या कामी येत आहे. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होतो. तीन ग्रंथांचे ऋण मानणाऱ्या या ज्ञानोपासकाचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी सर्वथा उचित होय.