इतिहासकार इब्न खल्दून

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ट्युनिस नावाचे शहर आहे. इ. स. १३४८ च्या सुमारास तेथे प्लेगची भयंकर साथ आली. घरोघरी माणसे दगावू लागली. एका विद्वान घराण्यातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे आईवडील या साथीत गेले. ज्यांच्याजवळ तो शिकत होता, त्यांपैकी कित्येक गुरूही गेले. हाच मुलगा पुढे इब्न खल्दून या नावाने जगप्रसिद्ध झाला.

इब्न खल्दून यांचे मूळ नाव अब्दुर्रहमान. त्यांचा जन्म २७ मे १३३२ रोजी झाला. कुरआन, हदीस, तर्कशास्त्र, गणित अशा अनेक विषयांचा त्यांनी अभ्यास केला होता. प्लेगने घर उजाड झाल्यावर त्यांचे ट्युनिसमध्ये मन रमेना. ते मोरोक्कोतील फेज शहरी गेले आणि सुलतानाच्या दरबारात नोकरीस लागले. त्या काळी राज्ये अस्थिर होती. आजचा वजीर उद्या कैदी होत असे. इब्न खल्दून यांनाही फेजमध्ये जवळजवळ दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. स्पेनमधील ग्रॅनाडाच्या सुलतानाने त्यांना आपला वकील म्हणून सेव्हिलच्या ख्रिस्ती राजाकडे पाठवले. सेव्हिल हे त्यांच्या पूर्वजांचे गाव. राजाने पूर्वजांची मालमत्ता परत देऊ केली, पण ते तेथे राहिले नाहीत.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. अनेक सुलतान गादीवर बसलेले आणि पदच्युत झालेले त्यांनी जवळून पाहिले. राज्ये का उभी राहतात आणि का कोसळतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी १३७५ साली दरबार सोडून ते आजच्या अल्जीरियातील एका एकाकी किल्ल्यात जाऊन राहिले. तेथे १३७७ साली अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी 'मुकद्दमा' हा ग्रंथ लिहिला. मुलांनो, मुकद्दमा म्हटले की तुम्हांला कोर्टातील खटला आठवेल. येथे त्याचा अर्थ प्रस्तावना असा आहे. जगाचा मोठा इतिहास लिहिण्यापूर्वी लिहिलेली ही प्रस्तावना मूळ इतिहासापेक्षाही अधिक गाजली.

जुन्या पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे इब्न खल्दून मानत नसत. हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक सैनिक होते, असे काही इतिहासकारांनी लिहिले होते. एवढे सैन्य त्या प्रदेशात मावेल तरी कसे, आणि एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळेल कसे, असा प्रश्न त्यांनी विचारला. नुसत्या सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्या विद्यार्थ्याला हा इतिहासकार नक्कीच आवडेल!

माणसाचे कोणतेही काम एकट्याने होत नाही, हे त्यांनी भाकरीच्या साध्या उदाहरणाने समजावले. एका दिवसाच्या भाकरीसाठी शेतकरी हवा, दळणारा हवा, नांगर करणारे सुतार-लोहार हवेत. पण हीच माणसे मिळून राबली, तर आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त धान्य पिकवतात. माणसांना बांधून ठेवणाऱ्या एकजुटीला त्यांनी असबियत म्हटले. उर्दूत आज हा शब्द आपण बहुधा वाईट अर्थाने वापरतो, पण त्यांच्या मते याच एकजुटीच्या बळावर राज्य उभे राहते. पुढच्या पिढ्या ऐषारामात वाढतात आणि ती एकजूट सैल होते.

मग खर्च वाढतो. खर्चासाठी दरबार कर वाढवतो. इब्न खल्दून म्हणतात की, राज्याच्या आरंभी कर कमी असतो, तरी खजिन्यात पुष्कळ पैसा येतो; अखेरीस कर भारी असतो आणि खजिना रिकामा राहतो. याचे कारण उघड आहे. कष्टाचे फळ हाती लागणार नसेल, तर शेतकरी कशाला राबेल? तो शेत सोडून देतो. धान्य कमी पिकते, साठे राहत नाहीत आणि पाऊस हुकला की दुष्काळ पडतो. दुसरीकडे शहरांत गर्दी वाढते, हवा दूषित होते आणि रोगराई पसरते. म्हणून वस्तीमध्ये मोकळ्या जागा असाव्यात, असे त्यांनी लिहिले. प्लेग जंतूंमुळे होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही कर, शेती, हवा आणि रोग यांचा एकमेकांशी संबंध असतो, हे त्यांनी ओळखले. प्लेगमध्ये आईवडील गमावलेल्या माणसाने हे लिहिले, हे विसरू नये.

त्यांची सगळीच मते बरोबर होती असे मात्र नाही. हवामानावरून माणसांच्या स्वभावाविषयी त्यांनी काढलेले काही निष्कर्ष अन्यायकारक होते. आज ते कोणी मानत नाही.

पुढे ते इजिप्तमध्ये कैरोला गेले आणि १३८४ साली तेथे काझी झाले. त्याच वर्षी त्यांचे कुटुंब ट्युनिसहून जहाजाने त्यांच्याकडे येत होते. अलेक्झांड्रियाजवळ जहाज वादळात सापडून बुडाले. दुसऱ्यांदा त्यांचे घर उजाड झाले. काही काळाने त्यांनी पद सोडले, हज केली आणि अध्यापन व लेखनात मन गुंतवले.

१४०१ साली तैमूरने दमिश्कला वेढा घातला. तेव्हा इब्न खल्दून शहरातच होते. सत्तरीला टेकलेले हे वृद्ध गृहस्थ दोराच्या साहाय्याने तटावरून खाली उतरले आणि तैमूरच्या छावणीत गेले. तैमूरने त्यांना उत्तर आफ्रिकेविषयी बारकाईने विचारले आणि त्या प्रदेशाचे वर्णन लिहून घेतले. त्याने त्यांचे खेचरही मागून घेतले! पुढे त्याची किंमत कैरोला पोहोचली, तेव्हा सुलतानाची परवानगी घेऊनच त्यांनी ती स्वीकारली. दमिश्क मात्र वाचले नाही. तैमूरच्या सैन्याने ते लुटले आणि जाळले.

कैरोला परतल्यावर ते पुन्हा काझी झाले. हे पद त्यांना एकूण सहा वेळा मिळाले. १७ मार्च १४०६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते काझीच होते. कैरोच्या बाब-अन-नस्र या वेशीबाहेर, सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.