पंडिता रमाबाईंचें उघडें दार

ख्रिस्ती मनुष्यानें आपलें नांव राखून कसें जगावें, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस उपदेशाच्या ग्रंथांपेक्षां पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्यांतील एका प्रसंगाकडे पाहिजे तितकें लक्ष जात नाहीं, म्हणून तोच येथें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं त्या काळचा दंडक मोडून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि तिनें मुलीस. पुढें दुष्काळांत आई, वडील व वडील बहीण हीं दगावलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायींच देशभर हिंडत, पुराणें सांगत, अर्धपोटीं १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्यें बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला. आणि १८८२ च्या आरंभीं पतीही गेले. वय अवघें २३, आणि पदरीं तान्ही मनोरमा!

१८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या इंग्लंडास गेल्या. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें तो बेत राहिला. परंतु वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयास असतां २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आतां कित्येकांस वाटेल कीं, आश्रयदात्यांचें सर्व म्हणणें त्यांनीं निमूटपणें मानलें असेल. तसें मुळींच नव्हे. अंडें घातलेला गोड पदार्थसुद्धां त्यांनीं खाल्ला नाहीं; आणि जें मत मनास पटलें नाहीं, तें पटत नाहीं असें त्या गुरुभगिनींस पत्रें लिहून स्पष्ट कळवीत.

पुढें अमेरिकेंत व्याख्यानें देऊन त्यांनीं विधवांच्या शाळेसाठीं मदत मिळविली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. सदनांत धर्म शिकवावयाचा नाहीं, मुलींनीं आपापले आचार पाळावे, असा नियम होता, व तो रमाबाईंनीं पाळला. मात्र त्या स्वतः आपल्या खोलींत रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या.

यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. वर्तमानपत्रांनीं झोड उठविली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे सदनाचे सल्लागार होते. त्यांनीं १८९३ सालीं आपला संबंध सोडला, आणि पालकांनीं २०-२५ मुली काढून नेल्या. पालकांची भीति खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या मुलीस ज्या अटीवर पाठविलें ती अट पाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्याचा त्यांस अधिकार होता. आणि पोरक्या मुलीचें मन आश्रय देणाऱ्या माउलीकडे सहज ओढलें जातें, हेंही खरें. परंतु रमाबाईंपुढें दार लावून घेण्याचा सोपा मार्ग होता. दार लावून प्रार्थना केली असती तर सल्लागारही राहिले असते आणि मुलीही. पण जें आपण लपून करूं तें चोरटें ठरेल असें त्यांस वाटलें. त्यांनीं मुलींस बोलाविलें नाहीं, आणि दारही लाविलें नाहीं.

या वादांत एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाहीं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होती. ती तेथें कित्येक वर्षें राहिली, शिकली, हिंदूच राहिली, आणि त्याच वादळी १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८९६ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगचा अंमल, म्हणून फळबागेकरितां घेतलेल्या केडगांवच्या जमिनीवर त्यांची सोय केली, तेंच मुक्तिसदन. विणकाम, दूधदुभतें, तेलघाणा, छापखाना असे उद्योग तेथें चालत, व आंधळ्या मुलींसही वाचावयास शिकविलें जाई.

उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर आरंभिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. ज्या लेकीच्या हातीं सर्व काम सोंपवावयाचें, तीच आधीं गेली. रमाबाई पुन्हां भाषांतराच्या कागदांपाशीं बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. केडगांवच्या छापखान्यांतून तो ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. त्याच्या छपाईंत तेथील मुलींचेच हात राबले होते.