मान्युएल गार्सिया (गायनशिक्षक)

मान्युएल पात्रिसिओ रोद्रिगेस गार्सिया (जन्म : १७ मार्च १८०५, मृत्यू : १ जुलै १९०६, लंडन) हे स्पॅनिश वंशाचे गायनशिक्षक आणि मानवी आवाजाचे अभ्यासक होते. गाणाऱ्या माणसाचे स्वरतंतू कसे हालतात हे त्यांनी आरशाच्या साहाय्याने पाहिले आणि त्याचे शास्त्रीय वर्णन केले. छातीचा आवाज आणि फॉल्सेटो यांच्या जोडणीविषयीची त्यांची मांडणी पाश्चात्त्य गायनशिक्षणात आजही आधारभूत मानली जाते.

कुटुंब आणि रंगभूमी

वडील मान्युएल गार्सिया (ज्येष्ठ) हे युरोपातील नामवंत टेनर गायक होते. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरातील अल्माव्हिवाची भूमिका १८१६ मध्ये रोम येथे प्रथम त्यांनीच केली. मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो या प्रसिद्ध गायिका मान्युएल यांच्या धाकट्या बहिणी होत. घरातले शिक्षण अत्यंत कडक होते. १८२५ मध्ये हे कुटुंब नाटकमंडळी घेऊन न्यू यॉर्कला गेले. तेथे याच ऑपेरात विशीतल्या मान्युएल यांनी फिगारोची भूमिका केली. तयारी पुरी झालेली नसताना सतत गावे लागल्याने त्यांचा बॅरिटोन आवाज खराब झाला आणि पंचविशीच्या सुमारास त्यांनी रंगभूमी सोडली.

१८३० मध्ये ते फ्रेंच सैन्याच्या अल्जीरिया मोहिमेबरोबर गेले. परतल्यावर त्यांनी पॅरिसमधील लष्करी रुग्णालयांत काम केले आणि तेथे स्वरयंत्राच्या रचनेचा अभ्यास केला. उत्तम घराण्यातील शिक्षणही आवाज वाचवू शकले नव्हते. तेव्हा आवाज मुळात निर्माण कसा होतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ पुस्तकी राहिला नव्हता.

रजिस्टरांचा सिद्धान्त आणि रियाज

त्या काळी पॅरिसमध्ये हा विषय तापलेला होता. टेनर गायक तारस्वर फॉल्सेटोच्या हलक्या लगावाने घेत असत. १८३७ मध्ये जिल्बेर द्युप्रे यांनी पॅरिस ऑपेरात वरचा ‘सी’ छातीच्या पूर्ण आवाजात लावला आणि श्रोत्यांची रुची पालटली. जुन्या पद्धतीचे अग्रणी आणि ज्येष्ठ गार्सियांचे शिष्य आदोल्फ नूरी यांनी ऑपेरा सोडली. इटलीत जाऊन त्यांनी नवा लगाव आत्मसात करण्याची धडपड केली; १८३९ मध्ये नेपल्स येथे त्यांनी आत्महत्या केली.

गार्सिया यांनी १८४० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीला मानवी आवाजावरील निबंध सादर केला. स्वरयंत्राच्या एकाच क्रियेतून निघणाऱ्या, एकाच पोताच्या सलग स्वरांचा समूह म्हणजे रजिस्टर, अशी व्याख्या त्यांनी केली. छाती, डोके ही नावे गायकाला कंप कोठे जाणवतो त्यावरून पडली होती. आवाज मात्र प्रत्येक वेळी कंठातच निर्माण होतो. ही साधी वाटणारी गोष्ट स्पष्ट झाल्याने बराच गोंधळ दूर झाला. फॉल्सेटोत श्वास लवकर संपतो, याचीही त्यांनी नोंद केली.

दोन्ही रजिस्टरांत काही स्वर सामाईक असतात. अशा एकाच स्वरावर छातीचा आवाज आणि फॉल्सेटो आलटून पालटून, मध्ये श्वास न घेता व हकार न येऊ देता लावावा, असा रियाज ते सांगत. बदलाच्या क्षणी घशाला उचकीसारखा झटका बसतो. विद्यार्थी लाजून तो लपवू पाहतात. गार्सिया यांचा आग्रह याच्या उलट होता : सुरुवातीला तो झटका उघडपणे ऐकू येऊ द्यावा, हा रियाज थोडाच करावा आणि सरावाने सांधा आपोआप मऊ होऊ द्यावा. पुरुष गायकांना स्वर फुलवण्याच्या अभ्यासात ते फॉल्सेटोतून हळुवार आरंभ, मग छातीच्या आवाजात वाढ आणि उतरताना पुन्हा फॉल्सेटो असा क्रम देत. त्यांचा गायनकलेवरील ग्रंथ १८४७ मध्ये दोन भागांत पूर्ण झाला.

१८४१ मध्ये स्वीडिश गायिका येनी लिंड थकलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला प्रथम काही आठवडे पूर्ण विश्रांती घ्यायला लावली आणि नंतरच शिकवणी सुरू केली. माथिल्डे मार्केझी आणि युलिउस श्टोकहाउझेन हेही त्यांचे शिष्य.

कंठदर्शक

१८४८ मध्ये गार्सिया लंडनला गेले आणि १८९५ पर्यंत तेथील रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत राहिले. १८५४ मध्ये पॅरिसला गेले असता त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला. तो कोमट पाण्यात तापवून पडजिभेला टेकवला, हातातील दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. छातीच्या आवाजात स्वरतंतू पूर्ण जाडीने कंप पावतात, तर फॉल्सेटोत केवळ त्यांच्या पातळ कडा, असे त्यांनी नोंदवले. १८५५ मध्ये ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडण्यात आली.

कंठात डोकावण्याची साधने पूर्वीही होती. बेंजामिन बॅबिंग्टन यांनी १८२९ मध्ये असे एक उपकरण दाखवले होते. मात्र गाताना चालणारी क्रिया अभ्यासणे हा गार्सियांचा हेतू होता. वैद्यकात हे तंत्र ट्युर्क आणि चेर्माक यांनी रुजवले. स्वतः गार्सियांच्या शिकवण्यात आरशाने विशेष फरक पडला नाही. कानाने ठरवलेल्या मतांना त्याने दुजोरा दिला, इतकेच.

१७ मार्च १९०५ रोजी लंडनमध्ये त्यांची जन्मशताब्दी त्यांच्याच उपस्थितीत साजरी झाली. राजे सातवे एडवर्ड यांनी त्यांना सन्मानित केले, तसेच जॉन सिंगर सार्जंट यांनी रंगवलेले त्यांचे व्यक्तिचित्र भेट देण्यात आले. पुढच्या वर्षी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.