कपाटातल्या शिशा

प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करताना लिंबाच्या सालीचा वास दरवळला, की मला ऑटो वालाख आठवतात. जन्म १८४७, कोनिग्सबर्ग. बॉन येथे त्यांचे वरिष्ठ केकुले यांच्या कपाटात सुगंधी तेलांच्या शिशा विस्मृतीत पडल्या होत्या. या मिश्रणांचा उलगडा होणे अशक्य, असे केकुले यांना वाटे. औषधशास्त्र शिकविण्याचे काम अंगावर आले आणि वालाखांनी त्या शिशा उघडल्या. उडून जाणाऱ्या द्रवांपासून त्यांनी हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमीन अशा साध्या द्रव्यांच्या साहाय्याने स्फटिक तयार केले. द्रवणांकावरून ओळख पटविली. वनस्पतीगणिक वेगळ्या नावांची टर्पिने पुष्कळदा एकच निघाली! १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले, १९३१ साली गॉटिंगेन येथे निधन झाले. जमत नाही म्हणून मीही एक शिशी कपाटात मागे सारली आहे. उद्या ती काढीन म्हणतो.