पायरीसमोरची समाधी

(द्वितीय वर्ष, कला)

पंढरपूरला गेलेला वारकरी एकदम गाभाऱ्याकडे धावत नाही. आधी चंद्रभागेचे स्नान, मग महाद्वार. महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची. तिच्यावर पाय द्यायचा नाही, डोके टेकवायचे आणि ओलांडून जायचे. त्या पायरीसमोर, देवळाच्या बाहेर, एक समाधी आहे. तिथेही तो वाकतो. ती संत चोखामेळ्यांची.

लहानपणी आजीबरोबर मी वारीला गेलो होतो. तिने मला त्या समाधीवर डोके ठेवायला लावले. हे बाबा देवळात का नाहीत, असे मी तिला विचारले. तिने उत्तर दिले नाही. माझा हात घट्ट धरून ती दर्शनाच्या बारीत उभी राहिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी संतसाहित्याचा अभ्यास सुरू झाला, आणि वर्गात बसल्या बसल्या तो जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. त्या प्रश्नाच्या ओढीने चोखोबांचे चरित्र वाचत गेलो. त्यातले जे मनात राहिले, ते येथे मांडत आहे.

चोखोबांचा काळ तेराव्या शतकाच्या अखेरीचा आणि चौदाव्याच्या पूर्वार्धाचा. विदर्भातील देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा सांगते. त्यांचा संसार मात्र मंगळवेढ्यास झाला. मंगळवेढे हे एके काळचे कलचुरी राजांचे ठाणे, पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर. जात महाराची. महाराची गावकी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. वेशीची राखण करायची, मेलेली ढोरे ओढायची, कुणाच्या घरी मयत झाले की त्याची खबर परगावी पोचवायची, सरणाला लाकडे न्यायची. साऱ्या गावाचे मरण ज्याने निस्तरायचे, त्याची सावलीसुद्धा गावाला विटाळ वाटायची!

अशा घरात भक्ती शिरली आणि तिने सगळे कुटुंबच आपलेसे केले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, या सर्वांनी अभंग रचले. एका महारवाड्यातल्या एकाच घरात पाच कवी, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अपूर्वच म्हणावी लागेल. नामदेवांना चोखोबांनी गुरू मानले. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, जनाबाई दासी, हा त्यांचा गोतावळा. वाळवंटात कीर्तन रंगे तेव्हा तेथे जात विचारली जात नसे. पण वाळवंट संपून देवळाच्या पायऱ्या सुरू झाल्या की चोखोबांना थांबावे लागे.

या थांबण्याभोवतीच त्यांच्या आख्यायिका गुंफल्या आहेत. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयातून त्या घरोघर पोचल्या. देवाने रात्री चोखोबांना हाताला धरून गाभाऱ्यात नेले. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला. त्यांना बैलांच्या पायी बांधून ओढण्याची शिक्षा झाली, तर बैल जागचे हलेनात. नदीपलीकडे राहून त्यांनी तेथे एक दीपमाळ उभारली, असेही सांगतात. ज्याला देऊळ बंद, त्याने पैलतीरी उजेड उभा केला! या कथांकडे इतिहास म्हणून पाहता येणार नाही. तरी एक गोष्ट त्या सगळ्यांत सारखी आहे. देव दरवेळी बाहेर येतो किंवा भक्ताला आत नेतो. दार मात्र माणसे उघडत नाहीत. लोकांनी या कथा रचल्या आणि शतकानुशतके सांगितल्या, त्या अर्थी त्या दाराची बोच लोकांच्या मनातही असली पाहिजे.

चोखोबांच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. त्यांत दोन सूर ऐकू येतात. कधी ते आपल्या जन्माला पूर्वकर्माचे फळ म्हणून मान तुकवतात. कधी थेट विचारतात की, प्रत्येक देह जर विटाळातूनच जन्माला येतो, तर सोवळा कोण आणि ओवळा कोण? कर्ममेळ्याची वाणी बापापेक्षा अधिक कडवट आहे. हीन जन्म दिल्याबद्दल तो देवालाच धारेवर धरतो. पहिल्या सुराबद्दल आधुनिक काळातील दलित विचारवंतांनी चोखोबांवर टीका केली, आणि ती समजण्यासारखी आहे. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेकांनी चोखोबांची वाट मागे टाकली. पण त्याच बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला होता, हेही विसरून चालणार नाही. वाट वेगळी झाली तरी त्या वाटेवर सांडलेल्या दुःखाशी नाते होते, असे मला वाटते.

आता त्यांच्या मरणाकडे येतो. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. या कामाला महारांना वेठीने धरले जाई. चोखोबाही त्या कामावर होते. भिंत कोसळली आणि पुष्कळ मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांतच चोखोबांचा अंत झाला. ज्या कुसाच्या आत राहण्याचा त्यांना हक्क नव्हता, तेच कूस बांधताना ते गेले. ही आख्यायिका नव्हे. बांधकामावरच्या मजुराचे मरण आहे. बांधणारा बाहेर आणि राहणारा आत, हा न्याय आजच्या शहरांतील उंच इमारतींकडे पाहिले तरी ओळखीचा वाटतो.

परंपरा पुढे सांगते की, नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात हाडांचा खच पडला होता. त्यांनी एकेक अस्थी कानाला लावली. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून वेचल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

या कथेत चमत्कार आहेच. पण मला त्यातला नामदेवांचा हात अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे सामान्य माणसाला अग्नी देतात, संन्याशाला आणि साधूला समाधी. समाधी हा मान. ज्ञानदेवांची समाधी आळंदीस, सावतोबांची अरणला, गोरोबांची तेरला. उलट, प्रेत आणि हाडे यांचा विटाळ केवढा! अशा समाजात नामदेवांनी एका महाराच्या अस्थी स्वतः वेचून देवाच्या दारात आणल्या. जातीचा आणि मरणाचा, असे दोन्ही विटाळ त्यांनी एकाच वेळी झुगारले. स्वतःसाठीही त्यांनी गाभारा मागितला नाही, पायरी मागितली. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. गुरू आणि शिष्य आज समोरासमोर आहेत.

तरीही प्रश्न उरतोच. मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा गणिकेची मुलगी. तिचे स्थान पंढरपूरच्या देवळाच्या आवारात, तरटीच्या झाडाशी दाखवतात. तिला आत जागा मिळाली, चोखोबांना नाही. मेल्यावर सगळे सारखे होतात, असे आपण सहज म्हणतो. देवळाचा नकाशा पाहिला तर ते खरे वाटत नाही. जिवंतपणी ज्याने जिथवर यायचे, तिथवरच त्याची समाधी आली. दगडांच्या रचनेत समाज आपली चाल लिहून ठेवतो, ती अशी.

ते दार उघडायला फार काळ लागला. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांना हाक दिली आणि १९४७च्या १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले झाले. भिंत कोसळली त्याला तेव्हा ६०९ वर्षे झाली होती.

आणखी एका वास्तूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात देऊळ बांधले नाही; चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणासाठी. चोखोबांच्या नावाची ही इमारत अशी की, जिच्या दारात कुणाला जात विचारून थांबवायचे नव्हते. वसतिगृहाच्या खोलीत दिव्याखाली हा लेख लिहीत असताना मला ती अनेकदा आठवली.

आजीला वाचता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला हे सगळे वाचून दाखवले. गावकुसाच्या ठिकाणी तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली की, तेव्हा तुला उत्तर दिले नाही, कारण ते मलाही ठाऊक नव्हते. मला फक्त तिथे वाकायचे एवढे शिकवले होते. येत्या आषाढीला तिला पुन्हा घेऊन जायचे आहे. महाद्वाराशी आम्ही या वेळी जरा जास्त वेळ थांबू.