लेकीचा हट्ट

मैत्रिणींनो, मध्यंतरी आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी आम्ही रक्तदाब तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. शाळेचा एक वर्ग मागून घेतला, नर्सबाई वेळेवर आल्या, चहासुद्धा झाला. पण बायका काही आत येईनात. कुणाचं दळण राहिलेलं, कुणाचा नळ यायची वेळ. ज्या आल्या त्यांचंही म्हणणं एकच, की आम्हाला कुठं काही दुखत नाही, मग तपासायचं काय? तेव्हा मी त्यांना एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

फ्रँकलिन रूझवेल्ट हे नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे अध्यक्ष. ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या गावी, श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. आईचा एकुलता एक, अगदी लाडाकोडात वाढलेला. १९०५ मध्ये एलिनॉर यांच्याशी लग्न झालं. पुढे राजकारणात जम बसत असतानाच १९२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पोलिओ झाला. वय अवघं ३९, आणि दोन्ही पाय गेले. दुसरा कोणी खचला असता. हा माणूस पायांना लोखंडी पट्ट्या बांधून उभा राहायला शिकला, १९३२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक जिंकला आणि एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा निवडून आला.

ही जिद्द सगळ्या जगाला दिसत होती. पण आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. १९३५ मध्ये त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ झाला. १९४१ मध्ये १८८/१०५. आकडा जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा चढत होता, आणि त्याबद्दल फारसं कुणी काही केलं नाही. त्यात डॉक्टरांचा सगळा दोष होता असंही नाही. रक्तदाब उतरवणारी चांगली औषधं तेव्हा नव्हतीच. वयाबरोबर तो वाढायचाच, असं बरेच डॉक्टरही मानत. त्यांचे खासगी डॉक्टर तर नाक, कान, घशाचे तज्ज्ञ होते. त्यात युद्धाचा ताण, अपुरी झोप आणि दिवसाला वीस-तीस सिगारेटी.

१९४४ च्या सुरुवातीला त्यांची लेक ॲना व्हाइट हाउसमध्ये राहायला आली. मुलगी घरात आली की बापाचं काय चाललंय ते तिला बरोबर कळतं. वडील थकलेले, चेहरा उतरलेला, खोकला जात नाही, बोलता बोलता डुलकी लागते. सर्दी-पडसं आहे, होईल बरं, हे उत्तर तिनं ऐकून घेतलं नाही. पुरती तपासणी झालीच पाहिजे, असा हट्ट धरला.

मार्च १९४४ मध्ये बेथेस्डा इथल्या नौदलाच्या रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञानं त्यांना तपासलं आणि तो चरकला. रक्तदाब १८६/१०८. हृदय मोठं झालेलं. फुप्फुसात पाणी साचू लागलेलं. जास्त दाबानं रक्त ढकलून ढकलून हृदय थकलं होतं. त्यानं डिजिटालिस हे औषध सुरू केलं, जेवणातलं मीठ कमी केलं, वजन उतरवायला सांगितलं, कामाचे तास आणि सिगारेटी कमी करायला लावल्या. दोन आठवड्यांत फुप्फुसं मोकळी झाली, श्वास सुधारला. म्हणजे उपाय लागू पडत होता. पण तोवर फार उशीर झाला होता. रक्तदाब काही खाली येईना.

आणखी एक नवल सांगते. एवढा हुशार माणूस, पण आपल्याला नेमकं झालंय काय, हे रूझवेल्ट यांनी ब्रुएन यांना कधी विचारलंच नाही. गोळी दिली की घ्यायचे, पण प्रश्न नाही. लोकांनाही तब्येत ठीक असल्याचंच सांगितलं गेलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेला गेले, तेव्हा ॲना त्यांना सांभाळायला बरोबर होती. आणि १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं, एक चित्रकार त्यांचं चित्र काढत असताना, डोकं फार दुखतंय असं सांगून ते कोसळले. रक्तदाब ३००/१९० वर गेला होता. मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांतच सगळं संपलं. वय होतं ६३. महायुद्धाचा शेवट त्यांना बघता आला नाही.

त्यांच्या मागे मात्र एक मोठं काम उभं राहिलं. १९४८ मध्ये अमेरिकेनं हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी फ्रॅमिंगहॅम नावाच्या एका लहान गावात एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ धडधाकट माणसांना दर दोन वर्षांनी तपासायचं, आणि पुढे कुणाला काय होतं ते लिहून ठेवायचं. मैत्रिणींनो, त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या! त्यांच्यामुळेच जगाला नीट कळलं, की वाढलेला रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची वाट आहे. ती वाट आधीच अडवता येते.

आता आपल्या घरात बघू या. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक लहान चमचा. त्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण सगळं आलं. आठवड्यातून १५० मिनिटं तरी भरभर चालायला हवं. घरातली ये-जा त्यात धरायची नाही. तंबाखू आणि मिश्रीसुद्धा सोडायला हवी. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं आणि सुरू झालेली गोळी मनानं बंद करायची नाही. बाळंतपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी जास्त जपायचं. बायकांना झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. दम लागणं, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, कधी नव्हे एवढा थकवा, असंही होतं. त्याला पित्त म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. आपल्या आशाताईंना विचारा.

शिबिराचं उरलेलं सांगते. गोष्ट ऐकून बायका रांगेत बसल्या. सगळं आटोपल्यावर नर्सबाईंनी मलाच खुर्चीत बसवलं. आकडा आला १५२/९६. मी हसून टाळणार होते. आज दगदग झाली, म्हणून असेल, असं मनाशी म्हटलंसुद्धा. घरी आल्यावर माझ्या लेकीनं ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा तपासायला घेऊन गेली, तरी तेच. आता रोज एक गोळी आहे, पहाटेचं चालणं आहे आणि ताटातलं लोणचं गेलंय. दुसऱ्यांना सांगत फिरणारी मी, धाकट्याच्या बाळंतपणानंतर स्वतः एकदाही तपासून घेतलं नव्हतं.

ॲनाचा हट्ट वडिलांच्या बाबतीत उशिरा आला. माझ्या लेकीचा वेळेवर आला. तुमच्या घरी असा हट्ट धरणारं कुणी नसेल, तर या आठवड्यात आपणच तो धरा, आणि येताना शेजारणीलाही बरोबर घेऊन या.